वरच्या मजल्यावरचं थिएटर

मध्यंतरी एका मंगळवारी दुपारी मराठी पिक्चर बघायला गेलो होतो. कुठल्या मॉलमध्ये ते सांगत नाही, ठाण्यातलाच आहे, आणि त्यात मॉलवाल्यांचा काही दोषही नाही. ऑनलाईन बुकिंग केलं नव्हतं, कारण तिकिटामागे ती जी कन्व्हिनियन्स फी लागते तिची मला अजून चीड येते, बोट आपणच घासायचं आणि त्याचे पैसेही आपणच द्यायचे. थेट खिडकीवर गेलो. आत विशी-बाविशीचा एक पोरगा बसलेला. त्याने आधी कॉम्प्युटरकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "काका, पाच मिनिटं थांबता का? एकच तिकीट गेलंय. अजून कोणी आलं तर शो लावतो, नाहीतर शेजारी हिंदी आहे, त्याचं देऊ का?" म्हणजे वाण्याकडे जाऊन पार्ले-जी मागावा आणि त्याने तो संपलाय, मारी देऊ का विचारावं, त्यातलाच प्रकार. मी थांबलो. थोड्या वेळाने एक आजी आणि त्यांची कॉलेजातली नात आल्या, पोराने अंगठा वर केला आणि शो लागला. पिक्चर बरा होता, उत्तरार्धात पसरट झाला. पण घरी येताना पिक्चर डोक्यात नव्हताच. डोक्यात होतं ते "शो लावतो". म्हणजे न लावणं हाही पर्याय होता, आणि तो पर्याय त्यांनी या आठवड्यात किती वेळा वापरला असेल कोण जाणे, आणि असाच एक दिवस त्यांनी अख्खं थिएटरच लावायचं नाही असं ठरवलं तर ते मला कधी आणि कुठून कळणार?

कळणारच नाही बहुतेक.

वंदना टॉकीज गेली ते अख्ख्या ठाण्याला कळलं होतं. जिथे थिएटर होतं तिथे आता थिएटर नाही, पण एसटी स्टँडचं नाव वंदना ते वंदनाच. ज्यांनी तिथे एकही पिक्चर बघितलेला नाही अशी आजची पोरंसुद्धा "वंदनाला उतर" म्हणतात, रिक्षावाला उत्तर प्रदेशातून काल आलेला असला तरी त्याला वंदना माहीत असतं. तसंच अशोक, प्रभात, गणेश, कोपरीतलं आनंद. मल्हार तर अजून गोखले रोडला ठाण मांडून आहे. ही नावं पत्त्याचा भाग होती. लग्नाच्या पत्रिकेवर "अमुक टॉकीजच्या मागे" असं छापलेलं मी बघितलंय. आता तीन हात नाक्यावरचं इटर्निटी मॉलमधलं थिएटर घ्या. त्याचं नाव आधी सिनेमॅक्स होतं, मग पीव्हीआर झालं, मग मूव्हीमॅक्स. भिंती त्याच, जिना तोच, खुर्च्या मधे कधीतरी बदलल्या असतील. पण आमच्यापैकी कोणीही कधी "सिनेमॅक्सला जाऊया" म्हटलं नाही, आणि पीव्हीआर आल्यावर नवीन पाटीची दखलही घेतली नाही. आम्ही इटर्निटीला जायचो. थिएटर हा त्या मॉलचा वरचा मजला होता, बास.

टॉकीजबद्दल हळवं होऊन लिहिणारे खूप आहेत, मला त्यांच्यात जायचं नाही. मला वंदनाच्या, गणेशच्या सगळ्या आठवणी गोड वगैरे नाहीत. उन्हाळ्यात पंख्याखालची खुर्ची मिळाली नाही तर शर्ट पाठीला चिकटायचा. इंटरव्हलला मुतारीपर्यंत जाऊन परत यायचो ते नाक दाबूनच. खुर्चीच्या रेक्झिनला कोणीतरी ब्लेड मारलेलं असायचं, त्यातून काथ्या बाहेर आलेला, आणि अंधारात मांडीला काय टोचतंय म्हणून जीव घाबरायचा. बायका एकट्यादुकट्या जायच्या नाहीत, माझी आत्या तर बाबा किंवा काका सोबत असल्याशिवाय लेट शोला कधीच गेली नाही. ब्लॅकवाले खिडकी उघडायच्या आधीच भिंतीला टेकून उभे, तोंडातल्या तोंडात "दस का बीस, दस का बीस", आणि हाऊसफुल्लचा बोर्ड लागला की त्यांचा आवाज चढायचा. वर ऑपरेटरच्या खोलीत दोन प्रोजेक्टर, एकावरचं रीळ संपत आलं की दुसरं सुरू करायचं, त्यात जरा उशीर झाला की पडदा पांढरा आणि खाली शिट्ट्या. कधीकधी एकच प्रिंट दोन थिएटरांत फिरवायची, मग पोरगा सायकलवर डबे घेऊन येईपर्यंत जाहिराती आणि स्लाईडी चालू. आमच्या गल्लीतल्या शिंप्याची स्लाईड मी इतक्या वेळा बघितलीय की त्याचा फोन नंबर आजही पाठ आहे, पाच आकडी.

त्यामुळे मॉल आला तेव्हा आम्ही खूशच झालो, खोटं कशाला बोला.

हे मॉल आणि त्यातली थिएटरं एकदम, एकाच हंगामात उगवल्यासारखी का आली याचं कारण मला बरंच नंतर समजलं. आपल्या राज्य सरकारने 2001 मध्ये मल्टिप्लेक्सना करमणूक करात सूट दिली, पहिली तीन वर्षं पूर्ण माफ आणि पुढची दोन वर्षं फक्त पाव हिस्सा भरायचा. त्या काळी करमणूक कर हा तिकिटातला फार मोठा वाटा असायचा, त्यामुळे ज्याच्याकडे चार पडदे बांधायला जागा होती त्याला ही लॉटरीच. शेजारच्या एकपडदा थिएटरवाल्याला मात्र कर तसाच, वर त्याने कंटाळून थिएटर पाडायचं म्हटलं तर त्या जागेत परत थिएटर ठेवायची अट. म्हणून आपल्याकडे इतकी जुनी थिएटरं वर्षानुवर्षं कुलूप लावून, पोस्टरच्या फ्रेमा रिकाम्या ठेवून उभी राहिली. हा सरळ सरळ पक्षपात होता असं मला वाटतं, पण त्याच पक्षपाताच्या एसीत बसून मी पुढची पंधरा वर्षं पिक्चर बघितले, तेव्हा फार ताणून बोलण्यात अर्थ नाही. त्याच सुमारास मुलुंडपासून भांडुप-कांजूरपर्यंत एलबीएस रोडवर, म्हणजे लाल बहादूर शास्त्री मार्गावर, कंपन्यांचे भोंगे बंद होत होते आणि त्या जागांवर टॉवर आणि मॉल चढत होते. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेत मॉल झाला, चिमणी ठेवली आणि गिरणी गेली. ठाण्यात वागळे इस्टेटची तीच रड. ज्यांचे वडील त्या कंपन्यांत शिफ्ट करायचे त्यांची पोरं इस्त्रीचे काळे शर्ट घालून मॉलमध्ये तिकिटं फाडायला उभी राहिली.

आणि थिएटर कायम सगळ्यात वरच का, हेही तेव्हा कळत नव्हतं. एक कारण बांधकामाचं आहे, थिएटरच्या मधोमध खांब चालत नाहीत आणि उंची दुप्पट लागते, तेव्हा त्याच्या डोक्यावर अजून मजले चढवणं महागात पडतं. दुसरं कारण शुद्ध धंद्याचं. पिक्चरला आलेला माणूस आधी तीन मजले चढणार, चढताना काचेतले बूट बघणार, उतरताना पोराला आईस्क्रीम घेणार. म्हणजे वरच्या थिएटरने गिऱ्हाईक खेचायचं आणि खालच्या दुकानांनी ते वाटून घ्यायचं. म्हणून मॉलवाले थिएटरला भाड्यात सवलतही देतात. ठरलेलं भाडं किंवा गल्ल्यातला टक्का, जे जास्त असेल ते, असे करार असतात, आणि वर मेंटेनन्स वेगळा. हे सगळं गणित खाली गर्दी असेल तरच जमतं. खालची दुकानं उठली की वरचं थिएटर एकटं पडतं, आणि वरचं थिएटर उठलं तर खालच्यांचं काही खरं नाही.

आमच्या आईला पहिल्यांदा नेलं तो दिवस मला लख्ख आठवतो. सरकत्या जिन्याशी येऊन ती थांबली. उजव्या हाताने साडीच्या निऱ्या वर उचलून धरलेल्या, डावा हात रबरी पट्ट्यापासून वीतभर लांब, नजर पायरीवर. एक पायरी निघायची, ती पाय उचलायची, तोवर पायरी पुढे, की पाय परत जमिनीवर. मागे रांग लागली. एक कोवळा पोरगा म्हणाला, "आजी, धावत्या बसमध्ये चढतात तसं चढा," तर ही वळून त्याला म्हणाली, "धावत्या बसमध्ये मी कधी चढले नाही आणि आजी तुझी असेल." तेव्हा ती साठीची पण नव्हती. मग आम्ही लिफ्ट शोधली, ती मॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, परफ्यूमच्या दुकानांतून वाट काढत, तोवर पिक्चरची पाटी पडून गेलेली. आत गेल्यावर मात्र ती गप्पच झाली. पुढच्याचं डोकं मधे येत नाही, खुर्ची ऊबदार, आणि बाथरूममध्ये साबण आहे. इंटरव्हलला ती दोनदा बाथरूमला जाऊन आली, दुसऱ्यांदा नुसतीच हात धुवायला. तिने आयुष्यभर टॉकीजमध्ये पिक्चर बघताना पाणी न प्यायची सवय ठेवली होती, हे तिने त्या दिवशी सांगितलं आणि मी आतून जरा हललो. टॉकीजच्या आठवणी काढून डोळे ओले करणाऱ्या माझ्या मित्रांमध्ये एकही बाई का नसते, याचं उत्तर बहुधा तिथेच आहे.

पण मॉलच्या थिएटरची खरी ओळख आत येताना होत नाही, ती बाहेर पडताना होते. येताना संगमरवर, दिवे, लोण्याचा वास, गालिचा. पिक्चर संपला की पडद्याच्या बाजूचं एक दार उघडतं आणि तुम्ही वेगळ्याच बिल्डिंगमध्ये येता. प्लास्टर न केलेल्या भिंती, लाल रंगाचे आगीचे पाईप, जिन्याच्या कोपऱ्यात गुटख्याची रांगोळी, ट्यूबलाईट एक चालू एक बंद. लास्ट शो असेल तर खाली सगळी शटर पडलेली, सरकता जिना थांबलेला. एरवी सरकणारा जिना बंद असताना त्यावरून चालून बघा, पायऱ्यांची उंची चुकल्यासारखी वाटते आणि दरवेळी पहिल्या पायरीला तोल जातो. मग जनरेटरच्या शेजारून, कचऱ्याच्या डब्यांवरून पार्किंगमध्ये. आताच ज्या हिरोने सगळ्यांना लोळवलं त्याच्याबद्दल बोलायचं तर इथे आवाज घुमतो, म्हणून सगळे गुपचूप किल्ल्या शोधत असतात. वंदनाबाहेर पिक्चर सुटला की रस्ताभर त्याची चर्चा असायची, पानवाल्याकडे, भुर्जीच्या गाडीवर. मॉलमधून लोक विखरून जातात. दोनशे माणसं एका वेळी बाहेर पडतात आणि पाच मिनिटांत एकही दिसत नाही.

नावांच्या मागची गोष्ट मला कंपन्यांच्या बातम्या वाचून तुकड्यातुकड्याने समजली. सिनेमॅक्स ही कनाकिया मंडळींची कंपनी. 2012 च्या शेवटी त्यांनी ती पीव्हीआरला विकायचं ठरवलं, पण थिएटरच्या जागांपैकी बऱ्याच स्वतःच्याच सिनेलाईन नावाच्या कंपनीत ठेवल्या, म्हणजे पीव्हीआर झाला भाडेकरू. ते करार 2022 मध्ये संपले, मालकांनी जागा परत घेतल्या आणि मूव्हीमॅक्स अशी नवी पाटी लावली. तिकडे कांजूरला हुमा मॉलमध्ये तेच, आधी अ‍ॅडलॅब्स, मग बिग सिनेमाज, मग कार्निवल. कार्निवलने तर 2014 च्या अखेरीस अनिल अंबानींची ती अख्खी साखळी एका फटक्यात उचलली होती, देशभरातले अडीचशेच्या आसपास पडदे, आणि पुढच्या काही वर्षांत तीही पाटी दिसेनाशी झाली. 2023 च्या फेब्रुवारीत पीव्हीआर आणि आयनॉक्स एक झाले. हे सगळं होत असताना आम्ही वर खुर्चीत बसून पॉपकॉर्न खात होतो आणि आमच्या बुडाखाली मालक बदलत होता. टॉकीजचा मालक कोण हे गावाला माहीत असायचं. शेट गल्ल्यावर बसलेला दिसायचा, कधीतरी शिव्याही खायचा. इथे शिव्या घालायच्या तरी कोणाला, अ‍ॅपला?

पॉपकॉर्नचं बोललो तर तेही पूर्ण बोलूनच टाकतो. 2009 मध्ये एप्रिलपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत मल्टिप्लेक्सना नवीन हिंदी पिक्चरच मिळाले नव्हते, आठवतंय? निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले वाटणीवरून भांडत होते. ते मिटलं ते असं, की पहिल्या आठवड्यात निर्मात्याला निम्मा हिस्सा, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे तीस. म्हणजे पिक्चर जितके जास्त दिवस चालेल तितका थिएटरवाल्याचा फायदा. पण हल्ली पिक्चर चालतो कुठे तिसऱ्या आठवड्यापर्यंत? शुक्रवारी लागतो, सोमवारी त्याचे शो निम्मे होतात आणि पुढच्या गुरुवारी उतरतो. म्हणून मग खाण्यावर जोर. पीव्हीआर-आयनॉक्सच्या उत्पन्नात जवळजवळ एक तृतीयांश वाटा खाण्यापिण्याचा आहे, तेव्हा तिकीट हे निमित्त आणि समोसा हा धंदा. 2018 च्या जुलैमध्ये यावरून मनसेने राडा केला, मंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं की बाहेरचे पदार्थ न्यायला बंदी नाही, आम्ही खूश होऊन डब्यात कोथिंबीर वडी भरली, आणि दारातल्या बाईने ती बाजूला काढून ठेवली ती ठेवलीच. पुढे 2023 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने काय तो निकाल देऊन टाकला, थिएटर ही मालकाची जागा, बाहेरचं खाणं नको म्हणायचा त्याला हक्क, पिण्याचं पाणी मात्र फुकट द्यायला पाहिजे. मला कायद्यातलं काही कळत नाही. पण ती दारातली बाई प्रत्येक डबा उघडून वास घेऊन बघते तेव्हा तिच्या तोंडाला पाणी सुटत असणार, ती पण सकाळी सातला बदलापूरहून निघालेली असते.

मग कोविड. 2020 च्या मार्चमध्ये थिएटरं बंद झाली, नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा एप्रिलमध्ये बंद, आणि आपल्याकडे खरी उघडली ती 22 ऑक्टोबर 2021 ला, तीही निम्मीच. त्या दिवसांत एकदा मॉलच्या खालून जाताना वर बघितलं तर मोठ्या होर्डिंगवर मार्च 2020 मध्ये येणाऱ्या पिक्चरचं पोस्टर तसंच, उन्हाने हिरोचा चेहरा निळसर पडलेला. तोवर घरोघरी मोठे टीव्ही आले, सासू-सूना एकाच सोफ्यावर बसून कोरियन मालिका बघायला लागल्या, आणि आमच्यासारख्यांना एक गोष्ट पक्की कळली की पिक्चर बघायला बाहेर पडलंच पाहिजे असं काही नाही. ही सवय एकदा मोडली की परत लागत नाही. तरीपण 23 सप्टेंबर 2022 ला सगळ्या मल्टिप्लेक्सनी 75 रुपयांत तिकीट ठेवलं होतं तेव्हा काय झालं बघा, 65 लाख लोक गेले म्हणून त्यांच्याच संघटनेने सांगितलं. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी दोन्ही पोरींना घेऊन गेल्या, आयुष्यात पहिल्यांदा मॉलच्या वरच्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी पिक्चरबद्दल एक अक्षर नाही, सगळं वर्णन खुर्चीचं आणि थंडीचं. म्हणजे लोक येत नाहीत हे खरं नाही. लोकांना परवडत नाही हे खरं आहे, आणि ते सांगायला कुठल्या सर्व्हेची गरज नाही. आता शंभरपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी 5 टक्के झालाय आणि शंभरच्या वरच्या तिकिटावर 18, पण शंभरच्या आतलं तिकीट मॉलमध्ये शोधायला दुर्बीण लागेल.

2023 च्या मे महिन्यात पीव्हीआर-आयनॉक्सने जाहीर केलं की पन्नास पडदे बंद करणार. कारण देताना त्यांनी तोट्याबरोबर असंही म्हटलं की यातली काही थिएटरं अशा मॉलमध्ये आहेत ज्यांचं आयुष्य संपत आलंय. हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. थिएटर तोट्यात जातं हे समजू शकतो, पण मॉलचं आयुष्य संपतं? आपल्या डोळ्यांदेखत उभा राहिलेला, ज्याच्या उद्घाटनाला आपण रांग लावली तो मॉल म्हातारा झाला? नाईट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या अहवालात 2023 साली देशातल्या आठ मोठ्या शहरांत असे ओस पडलेले 64 मॉल मोजले होते, चाळीस टक्क्यांहून जास्त गाळे रिकामे असले की त्यांच्या भाषेत तो ओस. हाजीअलीजवळचं क्रॉसरोड्स आठवा. 1999 मध्ये सुरू झालं तेव्हा बघ्यांची एवढी झुंबड की मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा नाहीतर प्रवेशाचे पैसे भरा असा नियम काढावा लागला होता. पुढे त्याचं नाव सोबो सेंट्रल झालं आणि शेवटी कर्जापोटी लिलावाची जाहिरात आली. क्रेडिट कार्ड दाखवून आत जायच्या जागेची ही गत.

अशा मॉलमधलं थिएटर बंद पडतं तेव्हा त्याचं पुढे काही करताही येत नाही फारसं. पायऱ्यापायऱ्यांची उतरती जमीन, खिडकी एकही नाही, भिंतींना आवाज शोषायचे कापडी पॅड. दुकान काढायचं तर आधी जमीन सपाट करा. क्लासवाले, जिमवाले येऊन बघून जातात म्हणे. लग्नाचा हॉल करावा तर वऱ्हाडाला चौथ्या मजल्यावर न्यायला लिफ्ट पुरत नाहीत. रिळं नाहीत, त्यामुळे जुनी प्रिंट, जुना प्रोजेक्टर असं जपून ठेवण्याजोगंही काही मागे उरत नाही. पिक्चर हार्ड डिस्कवर किंवा सॅटेलाईटवरून येतो, त्याला चावी लागते, चावी म्हणजे एक फाईल, अमुक तारखेच्या अमुक वेळेपर्यंतच चालणारी. ती मुदत संपली की तोच पिक्चर तिथेच पडून असला तरी उघडत नाही.

आता जोर आहे तो मोठ्यांचा. ठाण्यातलाच व्हिव्हियाना मॉल 2013 मध्ये आला, त्यात सिनेपोलिसचे चौदा पडदे, एवढ्या पडद्यांपुढे तीन-चार पडद्यांच्या थिएटरने काय करावं. माझी मुलगी तिकडचंच बुकिंग करते. मी इटर्निटी म्हटलं की ती "बाबा, प्लीज" एवढंच म्हणते, आणि रात्री हायवे ओलांडून रिक्षा मिळवायची कोणी हा माझा मुद्दा तिथेच मरतो. तीन हात नाक्यावर मेट्रो 4 चे खांब उभे आहेत, इतकी वर्षं त्या बॅरिकेडांच्या कडेकडेने लोक जायला कंटाळले, दुकानदार तर रडकुंडीला आले. आता स्टेशन झालं की गिऱ्हाईक परत येईल असं सगळे म्हणतात. येईलही. किंवा मग मेट्रोत बसून थेट घाटकोपरला आर सिटीला जाईल, मेट्रो दोन्ही दिशांना जाते.

मराठी पिक्चरचं दुखणं यात वेगळंच आहे. 2015 मध्ये विनोद तावडे सांस्कृतिक मंत्री असताना मल्टिप्लेक्सना संध्याकाळी सहा ते नऊ एक मराठी शो लावायलाच हवा असा आदेश निघाला, मोठा गदारोळ झाला, मग ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ताणली. कागदावर शो मिळतात. प्रत्यक्षात मंगळवारी दुपारी पावणेचारला मिळतात, बुधवारी सकाळी साडेदहाला, आणि मग हिशेब येतो की मराठी माणूस येत नाही. अरे, तो यायचा कधी? हाच मराठी माणूस गडकरी रंगायतनला रविवारी चार-पाचशे रुपये मोजून नाटकाला बसतो, पार्किंग नसताना, इंटरव्हलच्या बटाटेवड्यासाठी धक्के खाऊन. कारण नाटकाची तारीख त्याला पंधरा दिवस आधी पेपरात दिसते आणि त्या तारखेला साडेचार म्हणजे साडेचार असतात. मॉलमध्ये बुधवारी रात्रीपर्यंत शुक्रवारचं वेळापत्रक उघडलेलं नसतं, आणि रविवारचं तर त्याच्याहून उशिरा.

परवा आईने कुठल्यातरी मराठी पिक्चरची जाहिरात टीव्हीवर बघितली. आता गुडघ्यांमुळे ती फार बाहेर पडत नाही, पण हा बघायचाच म्हणाली, लिफ्ट आहे ना तिथे. "रविवारचा खेळ किती वाजताचा आहे रे?" मी फोनवर बघितलं आणि म्हटलं, अजून लागलेलं नाही, गुरुवारी कळेल, कदाचित शुक्रवारी. "आणि मला औषधं, जेवण, शेजारच्या काकूंना विचारायचं, हे सगळं शुक्रवारनंतर?" मी काहीच बोललो नाही. तिने चष्मा लावून पेपरचं नाटकांचं पान पुढे ओढलं आणि म्हणाली, "गडकरीची दोन तिकिटं काढ. पुढची रांग नको, मान दुखते."